बिनजोडीचे मॅनिफोल्ड

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्याला पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ९ म्हणत. आता त्याचा क्रमांक ६५ आहे. उमरग्याच्या पुढे हा रस्ता महाराष्ट्राची हद्द ओलांडून बिदर जिल्ह्यात शिरतो आणि हुमनाबादपाशी बिदर-कलबुर्गी रस्त्याला छेदतो. हुमनाबाद हे नाव बहुतेकांना शेजारच्या माणिकनगरातील माणिकप्रभूंच्या संस्थानामुळे ठाऊक आहे. मोटार चालविणाऱ्यांना मात्र ते आणखी एका कारणाने लक्षात राहते. सोलापूर आणि हैदराबाद ही दोन्ही शहरे येथून सारखीच लांब, प्रत्येकी दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. गाडी येथे अडली, तर हवा तो सुटा भाग मिळण्याचे ठिकाण कोणत्याही दिशेला जवळ नाही. अशा गावी, जो भाग हाताशी आहे त्यावर काम भागविण्याची विद्या आपोआप वाढीस लागते.

ही विद्या या मुलखात जुनी आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ च्या जून महिन्यात आपले रस्ता वाहतूक खाते २७ बसगाड्यांनिशी सुरू केले, तेव्हा बिदर आणि गुलबर्गा हे जिल्हे त्याच राज्यात होते. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद आणि बसवकल्याण हा भाग म्हैसूर राज्यात आला. नकाशावर रेघ पडली, पण मोटारदुरुस्तीच्या दुकानांनी ती फारशी मनावर घेतली नाही. तेथे मालक मराठीत तक्रार सांगतो, हाताखालचा पोरगा कानडीत उत्तर देतो, आणि मुख्य मिस्त्रीला सगळेच दखनी रिवाजाप्रमाणे 'उस्ताद' म्हणतात.

आता अशाच एका दुकानातील नेहमीचा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा. भालकीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी वडिलांच्या वेळची पांढरी ॲम्बॅसिडर आहे. मुलगा ती लग्नसराईत वरातीसाठी भाड्याने देतो. हौस आणि उत्पन्न या दोन्ही गोष्टी त्या एका गाडीवर चालतात. इंजिन धूर सोडू लागले म्हणून ते पुरते उतरवून नव्याने बांधले. सिलिंडर बोअर केले, नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, क्रँक ग्राइंड करून आणला, व्हॉल्व्ह घासून बसविले. हाताशी होता तेवढा पैसा या कामात गेला. आणि शेवटच्या दिवशी जुने इनटेक मॅनिफोल्ड चढविताना त्याचा एक कान मोडला. वैशाखातल्या तीन लग्नांचा विसार घेतलेला आहे. मुलगा तडक हैदराबादला जातो आणि भंगारवाल्याकडून 'ॲम्बॅसिडरचेच' म्हणून दिलेले मॅनिफोल्ड घेऊन संध्याकाळी परततो. उस्ताद ते हेडला लावून पाहतो.

"उस्ताद, बसतंय का?"

"बसतंय मालक. पण जुळत नाही."

या दोन शब्दांतला फरक ज्याला कळला नाही, त्याचे नवे इंजिन पहिल्याच हंगामात पुन्हा उतरवावे लागते. म्हणून हा फरक जरा बारकाईने पाहणे योग्य होईल.

प्रथम नावाचा घोटाळा. 'ॲम्बॅसिडर' हे एका मोटारीचे नाव असले, तरी ते एका इंजिनाचे नाव नाही. हिंदुस्थान मोटर्सने कोलकत्त्याजवळच्या उत्तरपाडा येथे मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ही गाडी १९५७-५८ मध्ये काढली, आणि मे २०१४ मध्ये तो कारखाना थांबला. या काळात तिच्या पोटात निरनिराळी इंजिने आली. आरंभी बाजूला व्हॉल्व्ह असलेले जुन्या पद्धतीचे १४७६ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. १९५९ मध्ये त्याच्या जागी डोक्यावर व्हॉल्व्ह असलेले १४८९ घनसेंटिमीटरचे आले आणि तेच तिचे खरे इंजिन म्हणून लोकांच्या ध्यानात राहिले. पुढे डिझेल आले, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात इसुझूचे १८१७ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन आले. भंगारवाला खोटे बोलत नाही. त्याने दिलेले मॅनिफोल्ड ॲम्बॅसिडरचेच असते; प्रश्न असतो तो कोणत्या ॲम्बॅसिडरचे हा. ते १४८९ इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या 'बी' मालिकेतले. त्या घराण्याची सुरुवात १९४७ च्या ऑस्टिन ए-४० मधील १२०० घनसेंटिमीटरच्या इंजिनाने झाली आणि शेवट १९८० साली बंद झालेल्या एम.जी.बी. या गाडीच्या १७९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने झाला. घराणे एक असल्याने चेहरे सारखे दिसतात. पण भावाचा अंगरखा भावाला होतोच असे नाही.

जीपच्या बाबतीत तर याहून मोठी फसगत होते, आणि या दोन्ही जिल्ह्यांच्या खेड्यापाड्यांतून जुन्या जीपा अजून दिसतात. महिंद्र कंपनीने १९४७ पासून भारतात विलीज जीप आणली. तिच्या महायुद्धकालीन इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह ठोकळ्यातच असत आणि मॅनिफोल्ड ठोकळ्याच्या बाजूला बोल्टने बसे. नंतरच्या 'हरिकेन' इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, आणि हवेची वाट हेडच्या ओतकामातच घडविलेली आली. त्याला निराळे इनटेक मॅनिफोल्ड नाहीच. दोन्ही इंजिने आकाराने जवळपास सारखी, क्षमताही सुमारे २.२ लिटरचीच. तेव्हा बाजारात जाऊन नुसते 'जीपचे मॅनिफोल्ड द्या' म्हणणारा मनुष्य, जो भाग त्याच्या इंजिनाला असूच शकत नाही, त्याचे पैसे मोजून परत येऊ शकतो.

आता या भागाचे काम काय, ते पाहू. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण तयार होते आणि मॅनिफोल्डच्या नळ्यांतून ते सिलिंडरांकडे जाते. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा, असे हे प्रमाण असते. या नळ्यांतून मिश्रण ढकलले जात नाही. पिस्टन खाली उतरताना ते ओढून घेतो. इंजिन जागच्या जागी हळू चालत असते, तेव्हा कार्ब्युरेटरची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन ओढत राहतो आणि वाट अरुंद असते, म्हणून मॅनिफोल्डच्या आत मोठी पोकळी निर्माण होते. निरोगी इंजिनाला पोकळी मोजण्याचे व्हॅक्युम गेज लावले, तर समुद्रकाठी ते पाऱ्याच्या अठरा ते वीस इंचांच्या आसपास दाखविते. (बिदर समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहे. तेथे तेच इंजिन सुमारे दोन इंच कमी दाखवील. पुस्तकातला आकडा पाठ करून बसलेल्या माणसाने त्यामुळे चांगल्या इंजिनाला आजारी ठरवू नये.) एवढ्या ओढीपुढे केसाएवढी फट असली, तरी बाहेरची हवा त्या फटीतून आत धावते. ही हवा कार्ब्युरेटरमधून आलेली नसते, म्हणून तिच्याबरोबर पेट्रोल नसते. मिश्रणात हवा जास्त आणि पेट्रोल कमी होते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, हे त्यातले मोठे दुखणे. तेल गळाले तर जमिनीवर डाग पडतो, पाणी गळाले तर वाफ येते. आत गळणाऱ्या हवेची खूण बाहेर कोठेच पडत नाही.

ही फट हमरस्त्यावर फारशी जाणवत नाही. तेथे झडप उघडी असते, आतली ओढ कमी असते, आणि आत जाणाऱ्या एकंदर हवेच्या मानाने फटीतली हवा क्षुल्लक ठरते. म्हणून हुमनाबादहून निघून माळरानावर चाचणी घेणाऱ्या मालकाला गाडी झकास वाटते. तीच गाडी वरातीला लागली की रंग बदलतो. वरातीत मोटार चालत नाही, रांगते. पुढे वाजंत्री, मध्ये नाचणारी मुले, आणि मागे तास-दीड तास झडप मिटून धडधडणारे इंजिन! ज्या अवस्थेत फटीचा उपद्रव सर्वांत जास्त, नेमक्या त्याच अवस्थेत या गाडीला आपले पोट भरायचे असते. नवरदेव गाडीत बसलेला असताना इंजिन खोकते, कार्ब्युरेटरमधून उलटा भडका फेकते आणि बंद पडते.

पण बंद पडणे हे मोठे नुकसान नव्हे. नुकसान होते ते उपायाने. बी मालिकेच्या या इंजिनात चार सिलिंडरांना आत घेण्याच्या वाटा दोनच आहेत. पहिला आणि दुसरा सिलिंडर एका वाटेने श्वास घेतात, तिसरा आणि चौथा दुसऱ्या वाटेने. पुढच्या वाटेशी फट राहिली, तर पहिल्या दोघांना पेट्रोल कमी पडते; मागच्या दोघांची काहीच तक्रार नसते. घाईतला मिस्त्री इंजिनाचा थरकाप पाहून कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवितो आणि सगळ्यांचेच पेट्रोल वाढवितो. इंजिन शांत होते, मालक खूश होतो, पैसे चुकते होतात. आता पुढच्या दोन सिलिंडरांत मिश्रण कसेबसे बरोबर आहे, किंवा अजूनही थोडे कमीच आहे, आणि मागच्या दोन सिलिंडरांत पेट्रोल उतू जात आहे. ते जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन टाकते. नव्या रिंगा अजून घासून बसलेल्या नसतात, त्या कोरड्या भिंतीवर फिरतात. दुसऱ्या टोकाला कमी पेट्रोलाचे मिश्रण सावकाश जळते, त्याची धग एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडेपर्यंत पोहोचते आणि ती कड करपू लागते. इंजिन एकच, पण त्याची दोन टोके दोन निरनिराळ्या रोगांनी झिजत असतात. प्लग काढून ओळीने मांडले तर ही हकीकत लगेच वाचता येते: दोन पांढरेफटक, दोन काजळलेले. पण चालत्या गाडीचे प्लग काढून पाहण्याचा धीर मालकाला नसतो आणि मिस्त्रीला सवड नसते.

तेव्हा उस्तादाने 'जुळत नाही' म्हटले ते कशावरून? त्याने तीन गोष्टी पाहिल्या. त्यांत सर्वांत कमी पाहिली जाणारी गोष्ट म्हणजे कडेची जाडी.

या इंजिनात हवा आत येण्याच्या दोन वाटा आणि धूर बाहेर जाण्याच्या तीन वाटा हेडच्या एकाच बाजूला, एका ओळीत आहेत. त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन मॅनिफोल्डे शेजारी-शेजारी, एकाच गॅस्केटवर टेकतात. काही स्टडांवरचा जाड वॉशर तर एका पायाने इनटेकच्या कडेवर आणि दुसऱ्या पायाने एक्झॉस्टच्या कडेवर उभा असतो. वर एकच नट, तो दोघांनाही दाबतो. जोडी मूळची असेल, तर दोन्ही कडा सारख्या जाडीच्या असतात आणि दाब सारखा वाटला जातो. इनटेक एका गाडीचे आणि एक्झॉस्ट दुसरीचे, अशी बिनजोडीची सोयरीक झाली, की एक कड जाड आणि एक पातळ निघण्याचा संभव असतो. वॉशर जाड कडेवर घट्ट बसतो आणि पातळ कडेवर अधांतरी राहतो. नट मात्र हाताला पुरता आवळलेला लागतो. जोर लावून आणखी आवळले, तर वॉशर वाकतो किंवा स्टड हेडमधून उपटून येतो. पुष्कळ दुकानांत गॅस्केटला दोष देऊन नवे गॅस्केट घातले जाते, कोठे दोन गॅस्केटे एकावर एक घातली जातात. दोष गॅस्केटचा नसतोच. व्हर्नियरने दोन्ही कडांची जाडी मोजायला पाच मिनिटे लागतात. फरक असेल तर जाड कड लेथवर किंवा मिलिंगवर उतरवावी. ते शक्य नसेल तर वॉशरच एका बाजूला तासून पायरीचा करावा. पायरीचा वॉशर कानशीने बसल्या जागी होतो, आणि गरीब मालकाचे काम त्याने उत्तम भागते.

दुसरी गोष्ट सपाटपणाची. मॅनिफोल्डचा चेहरा उष्णतेने आणि वर्षानुवर्षांच्या आवळण्याने वाकतो. त्याच्यावर सरळ पट्टी आडवी धरावी आणि खालून फीलर गेजचे पान सरकवून पाहावे. एक दशांश मिलिमीटरचे, म्हणजे चार हजारांश इंचाचे पान सहज शिरत असेल, तर तो चेहरा घासून घेतला पाहिजे. दोन्ही मॅनिफोल्डे एकमेकांना जोडलेली असतील, जशी जुन्या जीपमध्ये असतात, तर एक खबरदारी घ्यावी. आपसातले बोल्ट सैल ठेवून दोघांना आधी इंजिनावर नीट टेकू द्यावे, तेथले नट आवळावेत, आणि मग आपसातले बोल्ट आवळावेत. उलट केले, तर दोघांच्या भांडणात एकाचा कान मोडतो. आपल्या मालकाच्या मॅनिफोल्डचा कानही असाच मोडला असेल, असे मानायला हरकत नाही.

सपाटपणा पारखण्याची एक रीत आहे, ती बिदरच्या माणसाला परकी वाटू नये. जस्त आणि तांबे यांच्या मिश्रधातूचे ओतीव भांडे बिदरी कारागीर प्रथम कानशीने गुळगुळीत करतो आणि त्यावर मोरचुदाचे पाणी फिरवितो. पृष्ठ काळे पडते. मग त्यावर टोकदार हत्याराने ओढलेली रेघ लख्ख उमटून दिसते आणि त्या रेघेत चांदी बसविता येते. (भांड्याला अखेरचा कायमचा काळा रंग येतो तो नंतर, किल्ल्यातील माती आणि नवसागर यांच्या लेपाने.) औद्योगिक प्रशिक्षण केंद्रात फिटरचे काम शिकणारा मुलगाही पोलादाच्या घासलेल्या तुकड्यावर हेच मोरचुदाचे पाणी लावून तांबूस पृष्ठावर मापाच्या रेघा ओढतो. अंगावर नक्षी कोरणारा आणि यंत्राचा भाग जुळविणारा यांची गरज एकच: जे डोळ्यांना दिसत नाही ते रंगाने दाखविणे. मॅनिफोल्डसाठी जाड काचेच्या सपाट तुकड्यावर तेलात कालवलेली निळी किंवा काजळी अगदी पातळ पसरावी आणि मॅनिफोल्डचा चेहरा त्यावर हलकेच टेकवून फिरवावा. उंचवट्यांना रंग लागतो, खळगे कोरडे राहतात. मग कानस कोठे चालवायची हे विचारावे लागत नाही. काम मोठे असेल, तर साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या कलबुर्गीस यंत्रावर चेहरा घासून मिळतो आणि एका दिवसात परत येता येते.

तिसरी गोष्ट वाटांची तोंडे. हेडमधील छिद्र आणि मॅनिफोल्डमधील छिद्र समोरासमोर आले पाहिजेत. ते पाहण्यासाठी गॅस्केटच साचा म्हणून वापरावे. ते हेडवर धरून आतली कड टोचणीने आखावी, तसेच मॅनिफोल्डवर करावे. येथे एक बारकावा आहे. मॅनिफोल्डचे छिद्र लहान आणि हेडचे मोठे असेल, तर हवा लहान वाटेतून मोठ्या वाटेत जाते; नुकसान थोडे होते, इतके की घाईच्या कामात ते सोडून दिले तरी चालेल. उलट मॅनिफोल्डचे मोठे आणि हेडचे लहान असेल, तर वाहत्या मिश्रणासमोर उंबरठा उभा राहतो. त्याच्यावर पेट्रोलाचे थेंब आदळून साचतात आणि थेंबांनीच आत ओघळतात. हा उंबरठा तासून उतरता करणे आवश्यक असते. मात्र हेड तासताना हात आवरावा. भिंतीपलीकडे इंजिन थंड ठेवणारे पाणी खेळत असते, आणि ती भिंत किती जाड आहे हे बाहेरून दिसत नाही. तोंडापासून बोटाच्या पेराएवढी खोली पुरे. शर्यतीच्या गाडीची गोष्ट वेगळी. वरातीच्या गाडीला आतल्या भिंती आरशासारख्या चकचकीत करून काही मिळत नाही.

स्टडांची छिद्रेच जुळत नसतील, तर पुष्कळ जण गोल कानशीने ती लांबट करतात. दीड-दोन मिलिमीटरचा फरक असेल, तर हे चालते. पण मग मॅनिफोल्डला जागेवर धरून ठेवणारे काही उरत नाही. आवळताना ते आपल्याच वजनाने खाली घसरते आणि इतक्या मेहनतीने जुळविलेल्या वाटा पुन्हा सरकतात. त्यासाठी दोन्ही तोंडांत मिळून बसेल अशी पातळ कडी घालावी, किंवा निदान आवळताना खालून आधार द्यावा. फरक मोठा असेल, तर खरा उपाय मधल्या पाटाचा. दहा-बारा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन तिच्यात हेडच्या मापाची छिद्रे वेगळी आणि मॅनिफोल्डच्या मापाची वेगळी पाडावीत, हवेची वाट एका मापातून दुसऱ्या मापात सावकाश वळवावी, आणि हेडच्या बाजूच्या स्क्रूंची डोकी पृष्ठाखाली बुडवावीत. ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुप्पट वाढते, म्हणून स्टडांची छिद्रे किंचित सैल ठेवावी लागतात. आणि हा पाट घातला की कार्ब्युरेटर तेवढाच बाहेर सरकतो, हे विसरता कामा नये. ॲक्सिलरेटरची दांडी तिरपी ओढली जाते का, झडप पुरती मिटते का, एअर क्लीनर बॉनेटला घासतो का, हे सारे पट्टी कापण्यापूर्वी पाहायचे असते. कार्ब्युरेटर कललेला तर चालतच नाही, कारण त्याच्या वाटीतील पेट्रोलाची पातळी त्या कलण्याने खोटी ठरते.

पट्टी करायला एक दिवस लागतो. लग्न परवावर आलेले असते. मग दुकानात सिलिकॉनची नळी निघते आणि फट लोण्यासारखी भरली जाते. हे लिंपण पाण्याला आणि तेलाला टिकते, पेट्रोलाला टिकत नाही. ते फुगते, मऊ पडते आणि तुकड्यातुकड्यांनी आत ओढले जाते. पहिले लग्न त्यावर निभावून जाते, हेच त्याचे वाईट.

नव्या मिश्र पेट्रोलाचाही येथे विचार केला पाहिजे. पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य २०२५ मध्ये गाठल्याचे सरकारने जाहीर केले आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला जळण्यास हवा कमी लागते. आजच्या गाडीतला संगणक धुरातला ऑक्सिजन मोजून पेट्रोल वाढवितो. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळण्याचा मार्ग नाही. तो पूर्वीच्याच प्रमाणात हवा घेत राहतो. म्हणजे ॲम्बॅसिडरच्या मिश्रणात कोठेही फट नसताना हवा थोडी जास्तच आहे, आणि पूर्वी जी बारीक फट पचून जात असे ती आता पचत नाही. या गाडीला जेट किंचित मोठे करणे न्याय्य ठरते. पण आधी फट बुजवून, मग. क्रम उलटला, तर वर सांगितलेले दुहेरी दुखणे पुन्हा ओढवते.

बसविल्यावर नट मधल्यापासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन फेऱ्यांत, थोडे थोडे आवळावेत. मग पारख. येथे एक धोक्याची चाल सर्रास दिसते: ब्रशने पेट्रोल घेऊन सांध्यावर लावायचे आणि इंजिनाचा सूर बदलतो का ते ऐकायचे. सूर बदलतो हे खरे, पण त्याच सांध्याशेजारी तापलेले एक्झॉस्ट मॅनिफोल्ड असते. नव्या इंजिनासह सबंध गाडी पेटण्याची ही सोपी युक्ती आहे. इंजिन थंड असतानाच सुरू करून तेलाच्या कुपीने साधे इंजिन ऑईल सांध्याच्या कडेने ठिपक्याठिपक्याने सोडावे. जेथे फट असेल तेथे तेल आत ओढले जाते, क्षणभर सूर स्थिरावतो आणि मागे निळसर धूर दिसतो. व्हॅक्युम गेज असेल तर काटा ठरल्या जागी स्थिर उभा राहिला पाहिजे. बिदर-हुमनाबादकडे सोळा-सतराच्या आसपास थांबला, तर समाधान मानावे.

आपल्या उस्तादाने काय केले म्हणाल, तर पाट केला नाही. तेवढी गरज नव्हती. कडांच्या जाडीत सव्वा मिलिमीटरचा फरक निघाला, त्याने चार वॉशर पायरीचे केले. एका वाटेचा उंबरठा तासला. चेहरा निळीवर घासून घेतला. मालकाच्या मुलाला रात्रभर बाकावर बसवून ठेवले, आणि सकाळी इंजिन सुरू करून तापू दिले, बंद करून पुरते थंड होऊ दिले, आणि मग पुन्हा पाना लावला. प्रत्येक नट थोडा थोडा फिरला.

"आता झालं ना, उस्ताद?"

"पहिलं लग्न उरकून या. परत एकदा फिरतील."